गिनतीतला दाजीबा

“एकच शब्द, आबा. नाही. बास. त्याच्या पुढं काही बोलायचं नाही.”

“न्हाई,” आबा म्हणाले.

“असं पुटपुटून चालायचं नाही. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे.”

“न्हाई!” आबा ओरडले, तसा एस.टी. स्टँडवरचा शेंगदाणेवाला दचकून आमच्याकडं बघायला लागला.

मी हसलो आणि त्यांच्या कोटावरची तीन पदकं सरळ केली. आदल्या संध्याकाळी आईनं ती चिंचेनं घासून दिली होती. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी होता, मी वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पुढं पस्तीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात वकिली केली. उलटतपासणीला हिंदुराव भोईटे उभा राहिला की साक्षीदाराला घाम फुटतो, असं लोक म्हणायचे. माझी पहिली उलटतपासणी त्या दिवशी झाली, आणि ती कोर्टात झाली नाही.

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होती. प्रत्येक कॉलेजातून दोघं यायचे, एक विषयाच्या बाजूनं बोलणार, दुसरा विरुद्ध. कोण कुठल्या बाजूला, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. तुमचं मत काय, हे कुणी विचारत नसे, आणि आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. विषय इतिहासाच्या आठल्ये सरांनी सुचवलेला होता: ‘पहिल्या महायुद्धातील आर्मेनियन लोकांच्या कत्तलींना वंशसंहार म्हणून मान्यता द्यावी.’ आर्मेनिया कुठं आलं हे बघायला मला ग्रंथालयातला नकाशा भिंतीवरून खाली उतरवावा लागला. सरांनी समजावून सांगितलं. तुर्की साम्राज्यानं आपल्याच मुलखातल्या या ख्रिस्ती लोकांना घरादारातून काढून वाळवंटात हाकललं, लाखो मेले, आणि त्याला काय नाव द्यायचं यावर अजून संयुक्त राष्ट्रांत भांडण चाललंय.

माझी चिठ्ठी निघाली विरुद्ध बाजूची. म्हणजे हा वंशसंहार नव्हताच, असं मी सिद्ध करायचं.

मला जिंकणं भाग होतं. आमच्या वाडीत थोरला मुलगा पलटणीत जातो, हा रिवाज. वडिलांनी माझं नाव भरतीच्या हवालदाराकडं देऊनही टाकलं होतं, फेब्रुवारीत भरती होती. पण संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी जाहीर केलं होतं की, पहिल्या आलेल्या वक्त्याला ते पुण्याच्या आपल्या वसतिगृहात ठेवून घेतील आणि वकिलीचं शिक्षण देतील. घरात माझ्या बाजूनं एकटे आबा होते. वडिलांचे वडील, लान्स नाईक ज्योतीराम भोईटे, वय अठ्ठ्याहत्तर. “घरातला मी एक गेलो तेवढं पुरे,” एवढंच ते म्हणायचे आणि तंबाखू मळत बसायचे.

नकाशा बघता बघता माझ्या डोक्यात वीज चमकली. ज्या वाळवंटात ही माणसं हाकलली गेली त्याच वाळवंटात आमचे आबा होते की! इराकमधल्या कूतच्या वेढ्यात इंग्रजांची मराठा पलटण तुर्कांच्या हाती लागली, तेव्हा कैदी म्हणून अडीच वर्षं त्यांनी तिकडं रेल्वेचे रूळ टाकले होते. आणि या माणसानं आयुष्यात कधी कत्तलीचा शब्द काढलेला नव्हता. सव्वीस जानेवारीला शाळेत मुलं युद्धाच्या गोष्टी विचारायची, तर आबा खजुरांच्या जाती सांगत बसायचे. ज्योतीराम आबाचं युद्ध म्हणजे खजूर, अशी वाडीत म्हणच पडली होती.

मी घरी जाऊन विचारलं. ते गोठ्यात धार काढत होते.

“आबा, तिकडं आर्मेनियन ख्रिस्ती लोकांची सरसकट कत्तल झाली म्हणतात. तुम्ही पाहिली का?”

धार थांबली नाही. “का रं?”

“मी तुम्हाला सभेत उभं करणार आणि एवढंच विचारणार. तुम्ही नाही म्हणायचं. अडीच वर्षं तिथं राहिलेल्या माणसाला दिसली नाही, मग कसली कत्तल? सभा गार!”

“आन् न्हाई म्हटलं की तू जिंकणार?”

“जिंकणार म्हणजे काय, करंडक घरात.”

“पलटणीत जायाचं ऱ्हाईल?”

“राहील.”

“म्हणतो की मग,” आबा म्हणाले आणि चरवी उचलून आत गेले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, हे मला आज आठवतं. तेव्हा मी करंडक कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवत होतो.

सरांना मी विचारून घेतलं होतं, आजोबांना आणलं तर चालेल का. सर म्हणाले, “नकाशे, चित्रं दाखवू नयेत असा नियम आहे. आजोबा दाखवू नयेत असं कुठं लिहिलेलं नाही.” 

सभागृह खचाखच भरलं होतं. सहाशे माणसं तरी असतील. पहिल्या रांगेत काकासाहेब, त्यांच्या शेजारी आठल्ये सर, आणि कडेच्या खुर्चीवर पदकं लावून आबा, लग्नाला आल्यासारखे ताठ बसलेले. माझी वेळ आली. सात मिनिटं. मी जोरात सुरुवात केली. वंशसंहार हा शब्दच मुळी दुसऱ्या महायुद्धातला, तो मागच्यांना कसा लावता? युद्धात, रोगराईत, दुष्काळात सगळेच मरतात, त्यांत तुर्कही मेले. ठार मारा असा लेखी हुकूम दाखवा! टाळ्या पडत होत्या. पाचव्या मिनिटाची घंटा झाली आणि मी माझा हुकमाचा एक्का काढला.

“अध्यक्ष महाराज, पुस्तकं सोडा. त्याच वाळवंटात, त्याच साली, अडीच वर्षं राहिलेला माणूस या सभागृहात बसला आहे. माझे आजोबा. आबा, उभे राहा.”

आबा उभे राहिले. पदकं बघून टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आबा, या सभेला सांगा. आर्मेनियन लोकांची कत्तल तुम्ही पाहिलीत?”

आबांनी खुर्चीची पाठ धरली. सभा वाट बघत होती. मी मनात म्हणत होतो, म्हणा, म्हणा लवकर.

“पाहिली,” आबा म्हणाले.

मला वाटलं म्हातारा गोंधळला. “आबा, नीट ऐका. कत्तल. तुम्ही पाहिलीत का?”

“व्हय. पाहिली म्हणतोय की.”

समोरच्या कॉलेजची पोरं बाकं बडवायला लागली. आठल्ये सरांनी चष्मा काढला. काकासाहेब पुढं झुकून माझ्याकडं टक लावून बघत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर भरतीचा हवालदार उभा राहिला. दीड मिनिट उरलं होतं. त्या वेळी मी जे केलं त्याला पुढं सगळ्यांनी समयसूचकता म्हटलं.

“किती माणसं पाहिलीत?” मी विचारलं.

“लई.”

“लई म्हणजे? शंभर? हजार?”

“मोजाया बसलो न्हवतो.”

थोडे लोक हसले. मला धीर आला.

“मारताना पाहिलंत?”

“मारताना न्हाई. पडल्याली पाहिली. वाटंला, नाल्यात, हिरीत.”

“म्हणजे भुकेनं, तापानंही मेलेली असतील?”

“भुकंनं तर मरतच व्हती. पर...”

“तुमच्या पलटणीतली माणसं त्याच वाटेवर भुकेनं, तापानं मेली ना?”

“मेली.”

“मग अध्यक्ष महाराज, मराठ्यांचाही वंशसंहार झाला म्हणायचा का?” 

टाळ्या. आता थांबायला मला दम कुठला! “ठार मारण्याचा लेखी हुकूम पाहिलात?”

“मला वाचता कुठं येतंय?”

“बरं, ते जाऊ द्या. त्या हजारोंपैकी एकाचं नाव सांगा. फक्त एकाचं.”

आबांचे ओठ हलले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की, आता पुरे कर लेका. पण मला तेव्हा ते दिसायचं नव्हतं.

“दाजीबा,” आबा म्हणाले.

अख्खं सभागृह फुटलं. माणसं बाकांवर हात आपटून हसत होती. मी हसू ओसरायची वाट बघितली, ते मला चांगलं जमायचं, आणि म्हणालो, “अध्यक्ष महाराज, आर्मेनियाचा हा दाजीबा नक्की कुठला? वाईचा की कोरेगावचा?”

दोन घंटा झाल्या, पण त्या कुणाला ऐकू आल्या नाहीत. आबा तसेच उभे होते. एका कार्यकर्त्यानं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

अर्ध्या तासात निकाल लागला. पहिला, हिंदुराव भोईटे. करंडक चार वाजता द्यायचा होता.

दुपारी आम्ही कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसलो. मी जिंकलो होतो, पण माझं डोकं तापलेलं होतं. “काय आबा हे! माझं वाटोळंच करायला निघाला होता की! काय ठरलं होतं आपलं?”

“जिंकलास न्हवं?”

“जिंकलो. पण तुमच्या कृपेनं नाही.”

“मग झालं तर.” त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता.

“आणि तो दाजीबा कुठनं काढलात?”

“दाजीबा जाधव. वाईकडचाच. माझ्या टोळीतला.”

“म्हणजे आपला मराठा! मग आर्मेनियन म्हणून त्याचं नाव कशाला सांगितलं? मी म्हणतच होतो...”

“गप बस आन् ऐक,” आबा म्हणाले. मला त्यांनी कधी असं दरडावलं नव्हतं.

“त्या वाळवंटात रास-अल-ऐनला रूळ टाकत हुतो. आमची अकरा जणांची टोळी. मी लान्स नाईक, तवा सांजच्या गिनतीला टोळीचा आकडा मी द्यायचा. अकरा म्हटलं की अकरा रोट्या. दाजीबा हगवणीनं गेला. आम्ही त्याला पहाटं वाळूत पुरला, आन् सांजच्याला मी गिनतीत म्हणालो, अकरा.”

“त्याच्या रोटीसाठी?”

“रोटीसाठीच. पर आमच्यासाठी न्हाई. दोन रोज आदी आमच्या समोरनं एक तांडा गेला हुता. हजारभर असतील. बाया, लेकरं, म्हाताऱ्या. बाप्या माणूस एक न्हाई. सांजला पहारेकरी तेवढं माघारी आलं. त्यांच्या घोड्यांवर बायकांच्या कापडांची गाठोडी हुती. तांडा काय माघारी आला न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी टोळीतल्या शिरपानं रुळाखालची लाकडी स्लीपरं उचलाया हात घातला, तर ढिगाच्या पोकळीत एक पोर. आठ-नऊ वर्सांची. ओठ फुटल्यालं, पायाला चिंध्या.”

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

“दाजीबाच्या रोटीवर ती एकुणीस दिस जगली. म्हणून आम्ही तिला दाजीबाच म्हणायचो. शिरपा तिथं जाऊन म्हणायचा, ‘दाजीबा, चल जेवाया,’ आन् आम्ही हसायचो. तिलाबी कळायचं. दाजीबा म्हटलं की ती डोकं भायर काढायची. एकदा हसलीसुदीक. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला ठावं हुतं, तो आमच्याकडं पाठ करून हुबा ऱ्हायाचा. समदीच वाईट नसत्यात.”

“मग?” मी विचारलं.

“मग नवा चावश आला. चावश म्हंजी त्यांचा हवालदार. त्यानं आकड्यावर भागवलं न्हाई, हुबं करून डोकी मोजली. दहा. म्हणाला, अकरावा कुठं हाय? मेला म्हणालो असतो तर चार फटकं पडलं असतं, रोटी बंद झाली असती, मिटलं असतं. पर माझ्या मनात आलं, रोटी बंद झाली तर पोर खाईल काय? म्हणून म्हणालो, आजारी हाय, निजलाय तिकडं.” आबांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडं बघितलं. “हात करून दावलं, लेका. स्लीपरांच्या ढिगाकडं, तिकडं म्हणून.”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. आईशपथ सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“तो बघाया गेला,” आबा म्हणाले.

कॉलेजच्या इमारतीतून लाउडस्पीकर तपासल्याचा आवाज येत होता, एक दोन तीन, एक दोन तीन.

“बांधापल्याड नेली. जाताना तिनं वळून बघितलं, आन् मी तोंडातनं शब्द काढला न्हाई. गोळीचा आवाज आला न्हाई. गोळी वाया घालवत न्हवती ती माणसं.”

माझ्या कानात सहाशे माणसांचं हसणं घुमायला लागलं. वाईचा की कोरेगावचा! हे मी विचारलं होतं. मी, माझ्या तोंडानं, भर सभेत, या माणसाला!

“तिचं खरं नाव काय होतं, आबा?”

“इच्यारलंच न्हाई. गिनतीला दाजीबा पुरत हुतं. तू म्हणालास एकाचं नाव सांग. मला दुसरं येतच न्हवतं.”

“अहो पण मग कधी बोलला का नाहीत? इतकी वर्षं!”

“सांगाया लागलं की शेवटाला तिथंच यावं लागतं रं. त्यापरीस खजूर बरं.” त्यांनी आपली भाकरी माझ्याकडं सरकवली. “आज न्हाई म्हणायचं ठरवूनच आलो हुतो. तू पलटणीत जाऊ ने म्हणून. स्टँडवर म्हणतबी हुतो. पर हुबा ऱ्हायलो आन् ध्यानात आलं, मागंबी कुणाच्या भल्यासाठीच खोटं बोललो हुतो. जीभ उचलली न्हाई.”

मी उठलो आणि पळत आठल्ये सरांकडं गेलो. ते व्यासपीठावर हार मोजत होते. मी कसंबसं सांगितलं. सर मटकन खुर्चीत बसले. म्हणाले, “निकाल आता फिरणार नाही. पण करंडक घेताना दोन शब्द बोलायला देतात. सांग सगळ्यांना. सांगच.”

मी आबांना विचारलं, “सांगू?”

आबांनी सोडलेली भाकरी परत फडक्यात बांधली. मग म्हणाले, “सांग. आता कशाला झाकायचं.”

चार वाजता परत सभागृह भरलं. काकासाहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. “आणि आता बोलावू या आपल्या विजेत्याला. आर्मेनियाचे दाजीबा ज्यांनी शोधून काढले ते, हिंदुराव भोईटे!” सभा खदखदून हसली. मी करंडक घेतला, टेबलावर ठेवला आणि ध्वनिक्षेपकापुढं उभा राहिलो.

“मी सकाळी बोललो ते चूक होतं,” मी म्हणालो. “माझे आजोबा खरं बोलत होते. तो दाजीबा...”

एवढंच म्हणालो आणि हशा पिकला.

“हसू नका. ऐका. दाजीबा ही एक मुलगी होती...”

“आयला, दाजीबाची दाजीबाई झाली!” मागून कुणीतरी ओरडलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. माणसांना वाटलं, गड्यानं सकाळच्या गमतीला शेपूट जोडलंय. मी ओरडून सांगितलं की ती नऊ वर्षांची होती, की तिला मारलं. माझा आवाज फाटला, तर त्यालाही टाळ्या पडल्या, काय अभिनय करतोय म्हणून! काकासाहेब डोळ्यांतलं पाणी पुसत माझ्या पाठीवर थापा मारत होते. “पुरे, पुरे, मारतोस का आम्हाला हसवून!” त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. आठल्ये सर उभे राहून हात वर करून शांत राहा, शांत राहा म्हणत होते. त्यांचं कोण ऐकतो! मी तिचं नाव परत घेतलं, मोठ्यानं, आणि सभागृह परत हसलं.

मग आबा कडेच्या खुर्चीवरून उठले. कोटावरून हात फिरवत हळूहळू व्यासपीठाच्या पायऱ्या चढून आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. “चल, गाडीची येळ झाली,” म्हणाले. लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या.

करंडक मी नेला. जूनमध्ये पुण्याला वकिलीलाही गेलो. खोटं कशाला सांगू, मी काही परत केलं नाही. पण त्या संध्याकाळी एस.टी.त तो मी बाकाखाली ढकलून ठेवला होता. वाठारच्या पुढं गाडी रिकामी झाली, तेव्हा मी म्हणालो, “आबा, मी सांगायला गेलो होतो. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.”

“व्हय,” आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “हसायच्या आदी सांगाया पायजे हुतं. मी अठ्ठावन वर्सं उशीर केला. तू एक सकाळ.”